वेल्डिंग मशीनच्या सॉकेटमागे काय असतं, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंजिनवर चालणारं एक जुनं वेल्डिंग मशीन तुम्ही घेतलंय. पॅनलवर २३० व्होल्टची दोन सॉकेटं आहेत. साइटवर त्यातून ग्राइंडर, ड्रिल, दिवे आणि एक लहान एअर कॉम्प्रेसर चालवायचाय. लाइट गेली की तीच वीज वर्कशॉपच्या बोर्डालाही द्यायची आहे. घरच्या सॉकेटसारखंच वापरलं तर चालेल ना, आणि जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोकायलाच हवा का, असं तुम्ही विचारलंय.

रॉडचं उत्तर देतो, पण त्याआधीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. घरच्या सॉकेटच्या मागे बरंच काही उभं असतं. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, अर्थची वायर बोर्डापर्यंत गेलेली असते, बोर्डात आरसीसीबी (करंट भलत्या वाटेने गळला की वीज तोडणारा स्विच) असतो, आणि शॉर्ट झालं तर एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच) क्षणात पडेल एवढा करंट द्यायची ताकद लाइनमध्ये असते. तुमच्या मशीनच्या सॉकेटचा आकार तसाच आहे, पण मागे आहे फक्त तांब्याचं एक वाइंडिंग आणि ते फिरवणारं इंजिन. घरी जे संरक्षण आपल्याला आयतं मिळतं ते इथे आहे का, हे तपासायचं काम तुमचं. नसेल तर ते करून घ्यावं लागतं.

यातलं बरंच तुमच्या मशीनवर, त्याच्या मॅन्युअलवर आणि तुमच्याकडच्या विजेच्या नियमांवर अवलंबून आहे. माझं सांगणं आणि मॅन्युअल यांत फरक पडला तर मॅन्युअलचं ऐका.

जुनं मशीन म्हणालात म्हणून पहिलं काम मल्टिमीटरचं. काही जोडायच्या आधी सॉकेटमध्ये नक्की काय येतंय ते मोजा, आणि एसी-डीसी दोन्ही रेंजवर मोजा. पाइपलाइनच्या कामात गाजलेल्या लिंकन एसए-२०० सारख्या जुन्या मशीनांमध्ये पॅनलवरच्या सॉकेटातून ११५ व्होल्ट डीसी मिळायचं. कार्बन ब्रशवाला ग्राइंडर डीसीवर फिरतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण एसी करंट प्रत्येक सायकलमध्ये दोनदा शून्यावर येतो, तेव्हाच स्विचमधली ठिणगी विझते. डीसीत ती तशीच ताणली जाते, काँटॅक्ट चिकटतात आणि हातातला ग्राइंडर बंदच होत नाही. इंडक्शन मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर डीसीला जोडला तर थेट जळतो.

एसी येत असेल तर फ्रिक्वेन्सीही बघा. आरपीएम गुणिले पोलची संख्या भागिले १२० म्हणजे हर्ट्झ. दोन पोलचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून एसी वीज तयार करणारा भाग) ३००० आरपीएमला ५० हर्ट्झ देतो, चार पोलचा १५०० ला. लोड नसताना ५१ ते ५३ हर्ट्झ दिसले आणि व्होल्टेज थोडं चढं दिसलं तर घाबरू नका, लोड आला की ते बसतं. लोडवर ४७-४८ च्या खाली जात असेल तर गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग), एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बघायची वेळ आली आहे.

आता न्यूट्रलकडे येतो, आणि इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

सॉकेटच्या वाइंडिंगची दोन टोकं असतात. काही मशीनांत त्यातलं एक टोक कंपनीतूनच मशीनच्या बॉडीला बांधून येतं. तोच मग न्यूट्रल. काहींत दोन्ही टोकं मोकळी असतात, त्याला आपण फ्लोटिंग म्हणतो. तुमचं कोणतं हे कळायला इंजिन बंद करा, सॉकेटातले सगळे प्लग काढा, पॅनलवरचे ब्रेकर ऑन ठेवा आणि ओहमच्या रेंजवर सॉकेटचं न्यूट्रलचं भोक आणि बॉडीवरचा रंग खरवडून उघडा केलेला बोल्ट यांच्यात मोजा. शून्याच्या जवळ आकडा आला तर न्यूट्रल बॉडीला बांधलेला आहे. मीटरने ओपन दाखवलं तर फ्लोटिंग. याच वेळी सॉकेटचं अर्थचं भोक आणि बॉडी यांच्यातही मोजून घ्या. तिथे शून्यच यायला हवं. जुन्या मशीनात ही वायर आत गंजून तुटलेली मला कितीतरी वेळा सापडली आहे.

एवढा आटापिटा कशासाठी? आरसीसीबी काय करतो ते बघा. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पडतो. फरक पडायचा तर करंटला दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, म्हणजे बॉडीतून किंवा अर्थच्या वायरमधून, वाइंडिंगकडे परत जाता आलं पाहिजे. फ्लोटिंग मशीनमध्ये ती वाटच नसते.

एका कामावर मशीनच्या पॅनलला नवाकोरा आरसीसीबी बसवलेला होता. टेस्टचं बटण दाबलं की खटकन पडायचा, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. मी सॉकेटच्या फेज आणि मशीनच्या बॉडीमध्ये टेस्ट लँप धरला. ना दिवा लागला, ना आरसीसीबी पडला. बटण दाबल्यावर आतला एक रेझिस्टर फेजमधला थोडा करंट सेन्सिंगच्या कॉइलला बगल देऊन न्यूट्रलला पोचवतो. ती वाट आरसीसीबीच्या पोटातलीच आहे, बाहेरच्या अर्थिंगशी तिचा संबंध नाही. बटणाने पडला म्हणजे यंत्रणा जिवंत आहे एवढंच कळतं, तुमचं रक्षण होईल की नाही ते कळत नाही.

फ्लोटिंगचा एक फायदा आहे, तोही सांगायला हवा. एका हत्यारात फेज बॉडीला लागला तरी करंटला परतीची वाट नसल्यामुळे पहिल्या बिघाडात सहसा झटका बसत नाही. पण तो बिघाड गप्प बसतो. कुणाला कळत नाही, काम चालू राहतं. मग दुसऱ्या हत्यारात वाइंडिंगचं दुसरं टोक बॉडीला लागलं, की त्या दोन बॉडींमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. अर्थच्या वायरी धड असतील तर शॉर्ट होईल, एखादी तुटलेली असेल तर दोन्हींना एकदम हात लावणारा माणूस ती वाट पूर्ण करेल. आणि दोन्ही हत्यारं एकाच आरसीसीबीच्या पुढे असतील तर त्याला काहीच कळणार नाही, कारण जेवढा करंट एका टोकातून गेला तेवढाच दुसऱ्यातून परत आला.

म्हणून मी दोनपैकी एकच रीत धरतो. मशीन फ्लोटिंग असेल आणि तसंच ठेवायचं असेल, तर एका वेळी एकच हत्यार, तेही डबल इन्सुलेशनचं, म्हणजे प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असलेलं. एकापेक्षा जास्त हत्यारं चालवायची असतील, तर न्यूट्रल एकाच जागी, आरसीसीबीच्या अलीकडे, म्हणजे वाइंडिंगच्या बाजूला, बॉडीला बांधलेला हवा आणि पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. पण हा जोड मॅन्युअल न बघता स्वतः मारू नका. काही मशीनांत वाइंडिंगचा मधला टॅप, म्हणजे मधोमध काढलेलं टोक, बॉडीला बांधलेला असतो. तिथे तुम्ही टोक बांधलंत तर अर्धं वाइंडिंग शॉर्ट होईल. हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

एमसीबी आहे ना, असं तुम्ही म्हणाल. लाइनवर शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात. सी टाइपचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. छोटा अल्टरनेटर शॉर्ट झाला की त्याचं व्होल्टेजच कोसळतं, एवढा करंट तो बहुतेक वेळा देऊच शकत नाही. मग एमसीबी गरम होऊन सावकाश पडतो. तेवढ्या वेळात माणसाचं काय होईल याचा विचार करा. माणूस वाचवायचं काम इथे आरसीसीबीचं आहे, आणि त्याला परतीची वाट लागते.

आता रॉड. जमिनीत रॉड ठोकल्याने फ्लोटिंग मशीनवरचा आरसीसीबी चालू लागत नाही, कारण रॉड बॉडीला बांधलाय आणि बॉडी वाइंडिंगला बांधलेलीच नाही. न्यूट्रल बॉडीला बांधलेला असेल तर हत्यारातल्या बिघाडाचा करंट अर्थच्या वायरने सरळ मशीनकडे येतो, जमिनीतून त्याला जावं लागत नाही. जमिनीच्या भरवशावर राहायचं म्हटलं तर हिशेब बघा : रॉडचा रेझिस्टन्स ५० ओहम धरला तर २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो साधा लोड वाटेल. तरी मॅन्युअलने किंवा तुमच्याकडच्या नियमाने रॉड सांगितला असेल, किंवा मशीनमधून एखाद्या इमारतीच्या वायरिंगला वीज द्यायची असेल, तर रॉड हवाच. मशीन गाडीवर बसवलेलं असेल तर त्याची बॉडी आणि गाडीची चासी जाड वायरने एकमेकांना बांधून घ्या. रबरी पॅकिंगवर बसलेलं मशीन चासीला आपोआप जोडलेलं असतं असं धरून चालू नका.

इथे एका शब्दाने आपला घात केला आहे, तो म्हणजे 'अर्थ'. वेल्डिंगचा रॉड धरणाऱ्या होल्डरच्या जोडीला जी दुसरी जाड केबल जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या वस्तूला, लावतो तिलाही आपण अर्थच म्हणतो. ती खरं तर वेल्डिंगच्या करंटची परतीची केबल आहे, संरक्षणाच्या अर्थिंगशी तिचं नातं नाही. नाव एकच, म्हणून कुणीतरी मदत करायच्या हेतूने दोन्ही एकत्र बांधून टाकतं.

असं एक मशीन माझ्यापुढे आलं होतं. निगेटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यात कुणीतरी तांब्याची पट्टी मारलेली, 'अर्थिंग पक्कं व्हावं' म्हणून. जॉबवरचा क्लॅम्प रंगावर लावलेला, धड पकडत नव्हता. शेजारी त्याच बीमवर जुनं, लोखंडी बॉडीचं ड्रिल ठेवलेलं, त्याचा प्लग मशीनच्या सॉकेटात. वेल्डरने आर्क मारला. करंटला क्लॅम्पमधून जाता येईना, तो बीममधून ड्रिलच्या बॉडीत, तिथून ड्रिलच्या अर्थच्या बारीक वायरीत, सॉकेटातून मशीनच्या बॉडीत आणि पट्टीवरून टर्मिनलला पोचला. शंभराच्या वर अँपिअर, जेमतेम दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून. केबलला वास आला, हेल्परने ती उचलून बाजूला टाकली. ड्रिल नंतर आठवडाभर चाललं. फेज आणि न्यूट्रल शाबूत होते ना. पुढे केबल कापली तेव्हा आतली हिरवी वायर अर्ध्या लांबीपर्यंत काळी पडून तुटलेली होती. त्या आठवड्यात ड्रिलमधला फेज बॉडीला लागला असता तर ते धरणाऱ्याला वाचवायला काहीही नव्हतं.

तेव्हापासून माझा दंडक आहे : वेल्डिंगचं कोणतंही टर्मिनल मशीनच्या बॉडीला बांधायचं नाही, मॅन्युअलने स्पष्ट सांगितलं असेल तरच अपवाद. क्लॅम्प घासून उघड्या केलेल्या धातूवर, वेल्डच्या जवळ. सॉकेटातून चालणारं हत्यार जॉबवर ठेवायचं नाही, लाकडी फळीवर किंवा जमिनीवर ठेवायचं. आणि वेल्डिंगच्या टर्मिनलांवर दिवा, चार्जर असलं काही जोडून बघायचं नाही.

मग लोडचा हिशेब. इंजिन एकच आहे, त्याची ताकद वेल्डिंग आणि सॉकेट यांच्यात वाटली जाते. २०० अँपिअरवर वेल्डिंगचा रॉड जळताना आर्कवर साधारण २८ व्होल्ट असतात, म्हणजे ५.६ किलोवॅट नुसत्या आर्कमध्ये गेले. सॉकेटसाठी प्लेटवर लिहिलेला आकडा बहुधा वेल्डिंग बंद असतानाचा असतो. किती अँपिअर वेल्डिंग चालू असताना सॉकेटला किती वॅट उरतात, याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. त्याची प्रत काढून मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवा. मशीन थ्री फेज असेल तर एका फेजवर सगळा लोड टाकू नका. उंचावरच्या जागी दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद कमी धरा.

तुमच्या यादीत मला खरी काळजी कॉम्प्रेसरची वाटते. दीड किलोवॅटची सिंगल फेज मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या पाचपट तरी मागते, म्हणजे ५० च्या आसपास. ५ केव्हीएचं मशीन सलग देतं २२ अँपिअर. त्यात ५० मीटरची, दीड चौरस मिलिमीटरची केबल लावलीत तर जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स १.३ ओहमच्या घरात जातो. ५० अँपिअरला ६५ व्होल्ट केबलमध्येच संपले. मोटर गुरगुरते, उठत नाही, आणि वाइंडिंग जळतं. अडीचची केबल घेतली तरी ४० व्होल्ट जातात. म्हणून कॉम्प्रेसर मशीनजवळ ठेवा आणि लांब न्यायचंच असेल तर हवेचा पाइप लांब करा. टाकीतली हवा सोडून, बाकी सगळं बंद ठेवून तो आधी सुरू करा, मग दिवे आणि ग्राइंडर. तरीही मशीन दबत असेल तर हा कॉम्प्रेसर चालवणं त्या मशीनचं काम नव्हे. केबल रीलवर असेल तर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेल्या केबलला उष्णता बाहेर टाकायला वाव नसतो.

ऑटो आयडलचा स्विच असेल तर तोही समजून घ्या. लोड नसला की इंजिन आपणहून मंद होतं, त्याबरोबर सॉकेटचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही उतरतात. ग्राइंडर सुरू केला की सेन्सर ओळखतो आणि इंजिन उचलतं. पण एखादा एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर इतका कमी करंट घेतो की सेन्सरला पत्ताच लागत नाही, आणि ते उपकरण उतरलेल्या विजेवर तासन्‌तास राहतं. सॉकेटला काहीही जोडलेलं असताना मी स्विच हाय स्पीडवरच ठेवतो. डिझेल थोडं जास्त जातं, ते जाऊ दे. लॅपटॉप, डिजिटल मीटर असली नाजूक उपकरणं वेल्डिंग चालू असताना या सॉकेटला नकोत. आर्क लागताना आणि तुटताना व्होल्टेज हिंदकळतं. इंजिन सुरू करताना आणि बंद करताना सॉकेट रिकामी हवीत.

वर्कशॉपच्या बोर्डाबद्दल मात्र ठाम सांगतो : दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर बनवून भिंतीच्या सॉकेटात खुपसायची, हे कधीही करू नका. मेन स्विच बंद केलाय, लक्षात आहे, असं प्रत्येक जण म्हणतो. एकदा विसरलं की तुमचे २३० व्होल्ट बाहेरच्या लाइनवर जातात, ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढतात आणि पलीकडे हजारो व्होल्ट होतात. लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला माणूस त्यात मरतो. शिवाय त्या वायरीच्या मोकळ्या प्लगच्या पिना उघड्या आणि जिवंत असतात. लाइट अचानक परत आली तर मशीन जळेल ते वेगळंच. यावर उपाय एकच, चेंजओव्हर स्विच, ज्यात लाइन आणि मशीन दोन्ही एकाच वेळी जोडणं शक्यच नसतं. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा, कारण न्यूट्रल बॉडीला बांधलेल्या मशीनला लाइनचा न्यूट्रलही सामाईक ठेवला तर न्यूट्रल दोन जागी अर्थला जोडला जातो आणि आरसीसीबी विनाकारण पडू लागतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

लाइट गेल्यावर मशीन वर्कशॉपच्या आत ओढून सुरू करायचा मोह होतो, विशेषतः पावसात. शटर उघडं असलं तरी नको. इंजिनच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं जड होतं आणि तोवर उठायची ताकद गेलेली असते. मशीन बाहेर, खिडकी-दारापासून लांब, धूर वाऱ्याच्या दिशेने जाईल असं, वर आडोसा करून. इंधन भरायचं ते इंजिन बंद करून, ते गार झाल्यावर.

रोज सकाळी मला पाचेक मिनिटं लागतात : केबल हातातून फिरवून बघायची, क्लॅम्प बघायचा, इंजिन गरम झालं की सॉकेटचं व्होल्टेज आणि हर्ट्झ मोजायचे, आरसीसीबीचं बटण दाबायचं. महिन्यातून एकदा प्रत्येक हत्याराच्या प्लगची अर्थची पिन आणि त्याची लोखंडी बॉडी यांच्यातला रेझिस्टन्स मोजतो. एक ओहमच्या वर गेला की केबल बदलतो. त्या ड्रिलनंतर ही सवय लागली.

तुम्ही सध्या काही जोडू नका. आधी तीन गोष्टी मोजून कळवा : सॉकेटात एसी की डीसी आणि किती, न्यूट्रलचं भोक ते बॉडी किती ओहम, अर्थचं भोक ते बॉडी किती ओहम. सोबत प्लेटवरचे केव्हीए आणि आरपीएम, आणि कॉम्प्रेसरच्या मोटरवर लिहिलेले अँपिअर. आकडे हातात आले की तुमच्या मशीनला कोणती रीत बसते ते नेमकं सांगता येईल.